जादाची मुलं

शाळेत ज्याला त्याला टोपणनाव असतं आणि ते ज्याचं त्याला सगळ्यात शेवटी कळतं. मोठ्या सरांना पोरं ‘कुकर’ म्हणायची, कारण सर आधी बराच वेळ नुसते फुसफुसायचे आणि मग एकदम शिट्टी व्हायची. पण हे सरांच्या कानावर निवृत्तीपर्यंत जाण्याची शक्यता नव्हती. जादाबाईंचं तसं नव्हतं. त्यांना आपलं नाव ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

त्याचं असं झालं, की सरकारने प्राथमिक शाळांना नेहमीच्या अनुदानावर आणखी पैसे द्यायला सुरुवात केली. ज्या घरांत हातातोंडाची गाठ पडायची मारामार, त्या घरांतल्या मुलांमागे हे पैसे यायचे आणि त्यांचं काय करायचं ते शाळेने ठरवायचं. कागदावर या पैशांचं नाव इतकं लांबलचक होतं की ते वाचता वाचता मधली सुट्टी संपावी. शिक्षकांच्या खोलीत त्याचं ‘जादा निधी’ झालं आणि आठवड्याभरात नुसतं ‘जादा’. तो सांभाळायला नेमल्या गेल्या त्या जादाबाई. आणि ज्यांच्यासाठी तो यायचा, ती जादाची मुलं.

कामाला बाई वाघ होत्या. शेजारच्या एका शाळेने त्या पैशांत फाटक रंगवून वर कमान उभारली होती, मुलांच्या पोटात कमान जात नाही हे तिथे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. इथेही मोठ्या सरांना लाउडस्पीकरचा नवा संच हवा होता. बाईंनी तो होऊ दिला नाही. “सर, तुमचा आवाज आहे तेवढा पुरे आहे,” असं त्या तोंडावर म्हणाल्या आणि त्या पैशांत सकाळचा नाश्ता सुरू केला. दूध, अंडं, ब्रेड, केळं. रिकाम्या पोटी पाढे डोक्यात शिरत नाहीत, पोटातच गुरगुरतात, हे त्यांचं लाडकं वाक्य. मग डोळ्यांचे डॉक्टर आणले, आणि इतकी वर्षं ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर टाकलेल्या काही मुलांना फळाच दिसत नव्हता असं निघालं. त्यांना चष्मे मिळाले. जिन्याखाली मोडकी बाकं आणि हवा गेलेले चेंडू कोंबलेली एक खोली होती, ती बाईंनी स्वतः पदर खोचून रिकामी केली. तिथे जाजम आलं, दिवा आला, पुस्तकांचं बुटकं कपाट आलं, आणि वाचनात मागे पडलेल्यांना रोज तासभर जवळ घेऊन बसायला एक मदतनीस आली.

एक गोष्ट बाईंनी पहिल्याच दिवशी ठरवली होती. इथे कुठल्याही मुलाला काही घेताना लाज वाटता कामा नये. नोकरीच्या सुरुवातीला त्या ज्या शाळेत होत्या, तिथे फुकट वह्या वाटताना मुलांना रांगेत उभं करून फोटो काढला होता, आणि एका मुलीने वही तोंडासमोर धरली होती. ते त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून आपल्याकडे फोटो नाही, नावं वाचणं नाही, भाषण तर नाहीच. सकाळी जिन्याखालचं दार उघडायचं आणि हाक मारायची, “जादावाले, चला!” पोरं धूम ठोकत यायची. बाकीची हेव्याने बघायची. दुसरीतला एक तर, ज्याच्या वडिलांची स्वतःची दोन दुकानं होती, रोज येऊन लोंबकळायचा, “बाई, माझं पण नाव घाला ना जादात.” बाई हा किस्सा दर बैठकीत सांगायच्या. हातच्या कंकणाला आरसा कशाला!

तर अशा या जादाच्या मुलांमध्ये तिसरीतलं बटण होतं. तिची आई शिवणकारखान्यात कामाला होती आणि शाळेच्या फाटकातून लेकीला “ए बटण, डबा राहिला!” अशी हाक मारायची; तेव्हापासून सगळी शाळाच तिला बटण म्हणायला लागली. नाव शोभायचंही. लहानशी, गोल, आणि जिथे लावाल तिथे गुपचूप बसणारी.

बटण म्हणजे बाईंचा कौतुकाचा विषय. केळं दिलं तर अर्धं मोडून उरलेलं परत ताटात ठेवायची. “अगं, पूर्ण तुझं आहे,” म्हटलं की म्हणायची, “नको बाई, कोणाला कमी पडलं तर?” जाजमावर बसायची ती कडेला, निम्मी जाजमावर आणि निम्मी फरशीवर. रंगाच्या पेट्या वाटताना शेवटी एक कमी पडली तर पुढे होऊन म्हणायची, “माझं राहू द्या.” वर्षाच्या मध्ये वर्गात नवीन मुलं आली आणि तिसरीच्या बाई दारातून ओरडल्या, “अहो, अजून दोन जादा आले, आता बसवू कुठे?” तेव्हा बटण आपली जागा सोडून भिंतीशी उभी राहिली होती. कोणी सांगितलं नव्हतं.

“शिका जरा हिच्याकडून,” बाई बाकीच्यांना सुनवायच्या. “समजूतदारपणा म्हणतात तो हा. नाहीतर तुम्ही. अंड्यावरून मारामाऱ्या!”

बाकीचे अंडी खात राहायचे. बटण मान खाली घालायची, आणि बाईंना वाटायचं, लाजली.

फक्त एका बाबतीत बटण हट्टी होती. बुटक्या कपाटातलं समुद्रातल्या प्राण्यांचं पुस्तक ती कोणाला हात लावू द्यायची नाही. म्हणजे, दुसऱ्याने मागितलं तर लगेच देऊन टाकायची, पण मग त्याच्या मागे उभी राहून खांद्यावरून वाचायची. ऑक्टोपसचं पान तर तिला तोंडपाठ होतं.

“बाई, त्याला तीन हृदयं असतात, माहितीये?”

“हो का?”

“हो. आणि रक्त निळं. आणि तो एवढ्याशा भोकातून जातो. त्याला अंग चोरता येतं.”

“तुझ्यासारखंच की!” बाई हसल्या.

त्या पानामुळेच तर मत्स्यालयाची सहल ठरली. जादातून एका लहान बसचे पैसे निघाले, तिकिटांचे निघाले. बाईंनी बटणाला आधी कानात सांगितलं, “तुझा ऑक्टोपस बघायला चाललोय आपण.” त्या दिवशी बटणाने केळं पूर्ण खाल्लं.

सहलीच्या सकाळी सगळं घोड्यावर बसल्यासारखं चाललं होतं. पोरं बसमध्ये चढली होती, पाण्याच्या बाटल्या मोजून झाल्या होत्या, एकाला आत्ताच शी लागली होती. बटण पुढच्याच सीटवर, खिडकीशी, मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती. तेवढ्यात मोठे सर लगबगीने आले आणि त्यांच्यामागे एक अनोळखी बाई, गळ्यात ओळखपत्र.

“या निधीच्या मॅडम,” सर फुसफुसले. “शाळा जादाचा उपयोग कसा करते ते बघायला आल्यात. न कळवता! आपली सहल आहे म्हटल्यावर म्हणाल्या, मी पण येते. छानच झालं, नाही?”

“पण सर, जागा मोजून घेतल्यात.”

“बघा ना काहीतरी, ॲडजस्ट करा.”

“सीटवर एकच, बाई,” ड्रायव्हरने आधीच सांगून टाकलं. “मांडीवर नाही, उभं नाही. पकडतात.”

बाई बसच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आत नजर फिरवली. हा उतरवला तर बोंब ठोकेल. हिचे वडील उद्या फाटकात येऊन भांडतील. हा रडून रडून उलटी करेल. नजर अशी एकेकावरून घसरत पुढच्या सीटवर आली आणि तिथे थांबली. बाईंनी तोंडातून शब्दही काढला नव्हता. बटण उठून उभी राहिली होती.

“मी थांबते, बाई.”

“खरंच? शहाणं गं माझं बाळ ते!” बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “पुढच्या वेळी सगळ्यात पहिली जागा तुझी.”

बटण पायरी उतरली. मॅडम चढता चढता थांबल्या. वाईट नव्हत्या त्या, चांगल्याच होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, “अरे, ही का उतरली? माझ्यामुळे तर नाही ना?”

“छे छे,” बाई म्हणाल्या, “तिला गाडी लागते.”

हे वाक्य कुठून आलं ते बाईंनाही कळलं नाही. आलं आणि तोंडातून गेलंसुद्धा. त्यांनी खाली बघितलं. बटण पुस्तक छातीशी धरून उभी होती. तिने एकदा बाईंकडे बघितलं, एकदा मॅडमकडे, आणि अगदी अदबीने म्हणाली, “हो, मला गाडी लागते.”

बस फाटकाबाहेर पडली तेव्हा झाडाखाली मोठ्या सरांची गाडी उभी होती, सकाळीच धुतलेली, चकचकीत. मॅडमना तिच्यातून नेता आलं असतं. हे बाईंच्या लक्षात पहिल्या वळणावर आलं. तेव्हाही बस थांबवता आली असती. बाईंनी थांबवली नाही. मॅडमनी तेवढ्यात विचारलं होतं, “नाश्त्याची कल्पना कोणाची?” आणि बाई सांगत बसल्या. कमानीचा किस्सा, चष्म्यांचा किस्सा, दोन दुकानवाल्याचा किस्सा. मॅडम हसल्या. बाईही हसल्या, पण खिडकीतून मागे बघायचं त्यांनी टाळलं.

मत्स्यालयात अंधार होता, म्हणून बरं. काचेआड मासे तोंड उघडत-मिटत होते आणि बाईंना सारखं एकच ऐकू येत होतं, ‘हो, मला गाडी लागते.’ स्वतःच्या खोट्याची एखाद्याला लाज वाटते, वाटावीच. पण आपलं खोटं एका आठ वर्षांच्या पोरीने उचलून धरावं, आपल्याला तोंडघशी पडू न देता सावरून घ्यावं, ही लाज त्यांना ठेवायला जागाच सापडेना. मॅडम मागून म्हणाल्या, “मुलं किती मोकळी आहेत तुमची! कुठे बुजरेपणा नाही.” बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या “हो ना,” म्हणाल्या.

परत आले तेव्हा बटण शाळेच्या पायरीवर बसली होती. दिवसभर तिला चौथीच्या वर्गात मागे बसवलं होतं. ती पळत आली.

“बाई, ऑक्टोपस होता?”

बाईंनी ऑक्टोपस बघितलाच नव्हता. त्या काचेपाशी मॅडमना मदतनिसाच्या पगाराचं काहीतरी विचारायचं होतं.

“होता ना!”

“केवढा होता?”

बाईंनी हात पसरले. “एवढा!”

“कुठे होता?” मागून एक पोरगं केकाटलं. “तो दगडामागे लपलेला! कोणालाच नाही दिसला, नुसता दगड दिसला!”

बाईंचे हात तसेच हवेत राहिले. बटणाने त्या पोराकडे वळून बघितलं आणि म्हणाली, “बाईंना दिसला असेल. त्या उंच आहेत.”

सोमवारी बटणाच्या सदऱ्यावर शाळेचा बिल्ला नव्हता. खिशावर शिवलेला कापडी बिल्ला, शाळेचं नाव असलेला. त्या जागी टाक्यांची भोकं तेवढी राहिली होती. बाई तिला टाळतच होत्या, पण जिन्यात समोरासमोर आल्यावर काहीतरी बोलायला हवं होतं.

“अगं, बिल्ला कुठे गेला? पडला? असू दे, काळजी करू नको. जादातून नवा देऊ तुला.”

“नको, बाई,” बटण म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. आधी बाईंना, सांगायला लाज वाटते, जरा सुटल्यासारखं झालं. सर्दीबिर्दी असेल, येईल बरी होऊन. मोठ्या सरांनी शिक्षकांच्या खोलीत पेढ्यांऐवजी बिस्किटं फिरवली: मॅडम खूश होत्या, आता इतर शाळांचे लोक आपलं काम बघायला येणार होते. “जादाबाई, तुम्ही बोलायचं हं, लाज कशी घालवायची या विषयावर!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसरीच्या बाईंनी टाळ्या वाजवता वाजवताच विचारलं, “अहो, ते बटण येत नाहीये, तर तिची नाश्त्याची जागा दुसऱ्या कोणाला द्यायची का? वाया कशाला घालवायची?”

बाई बिस्कीट हातात तसंच धरून उठल्या. शाळा सुटल्यावर त्या बटणाच्या घरी गेल्या, तर कुलूप. शेजारणीने सांगितलं, आई तिला कामावरच घेऊन जाते हल्ली.

शिवणकारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली एक लांबलचक खोली. मशीनच्या रांगा, वर टांगलेल्या ट्यूबलाइटच्या नळ्या, आणि कापडाच्या बारीक तंतूंनी सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. बटणाची आई दाराजवळच्या टेबलाशी होती. बाईंना बघून ती इतकी गडबडली की हातातला शर्ट खाली पडला.

“अगंबाई, बाई तुम्ही? इथे? थांबा, बसायला देते. ए, स्टूल आणा गं!”

“नको ताई, राहू दे. बटण येत नाहीये म्हणून...”

“काय सांगू तुम्हाला! पाय धरायची तेवढी राहिलेय मी तिचे. तापबीप काही नाही. तुम्ही एवढं करता तिच्यासाठी, घरी सारखी तुमचीच गोष्ट, आणि कार्टी म्हणते कशी, मी नाही जाणार, शाळेची ऑर्डर भरली.” आईने कपाळाला हात लावला. “शाळेत कसली ऑर्डर? मला वाटलं, कोणी चिडवतंय. तर तेही नाही म्हणते.”

बाईंनाही काही अर्थ लागेना. तेवढ्यात एक बाई मागून कपड्यांचा ढीग कवेत घेऊन आली.

“हे कुठे टाकू?”

“ऑर्डरचे का?” आईने विचारलं.

“नाही गं, ऑर्डर भरली. हे जादा.”

“मग जादात टाक ना, तिकडे कोपऱ्यात. नावं कापायचीत त्यांची अजून.”

बाईंनी मान वळवली. कोपऱ्यात शर्टांचा डोंगर होता. चांगले होते शर्ट, नवे कोरे. एक म्हातारी मांडी घालून बसली होती आणि एकेकाची कॉलर उलटी करून धागे तोडायच्या छोट्या कात्रीने लेबल कापत होती. कापलेला शर्ट ती पोत्यात टाकायची. पोती मागच्या दाराशी लावली होती.

“हे... कापायचं कशाला?” बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला.

“ते होय? सांगितले त्याहून थोडे जास्त शिवतात ना बाई, एखादा खराब निघाला तर असावा म्हणून. मग ऑर्डर भरली की उरले ते जादा. कोणाला नको असतात. पण कंपनीचं नाव ठेवून बाहेर पाठवता येत नाही, म्हणून नाव कापायचं आणि मागच्या दाराने किलोवर द्यायचे.” आई सहज बोलत होती, हातातल्या कामाचं बोलावं तसं. मग एकदम कसनुसं हसली. “बटणाचे सगळे फ्रॉक जादातलेच की! लहान होती तेव्हा विचारायची, आई, यांचं नाव कुठे गेलं?”

बाईंच्या कानात एकेक हाक परत यायला लागली. जादावाले, चला. अजून दोन जादा आले, बसवू कुठे. माझं नाव घाला ना जादात. रोज सकाळी, इतक्या प्रेमाने, इतक्या मोठ्याने त्यांनीच ती हाक मारली होती. आणि एक पोर रोज ती हाक ऐकून धावत येत होती, अर्धं केळं परत ठेवत होती, फरशीवर सरकत होती, की ऑर्डर भरेपर्यंत तरी आपल्याला राहू द्यावं. आणि त्या काय म्हणत होत्या? शिका हिच्याकडून. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं उगाच म्हणत नाहीत. बाईंना त्या क्षणी ती सोय खरोखर हवी होती.

“कुठे आहे ती?” त्यांनी विचारलं.

बटण टेबलाखाली होती. चिंध्यांच्या गठ्ठ्यावर पाय जवळ घेऊन बसली होती. बाई खाली वाकल्या, मग गुडघ्यांवर बसल्या. तंतू साडीला चिकटले.

“बटण.”

“बाई, बिल्ला मीच कापला,” बटण घाईने म्हणाली. “तुम्हाला त्रास नको म्हणून. फाडला नाही. नीट कापलाय, दुसऱ्याला लावता येईल.”

बाई आणखी जवळ सरकल्या.

“अगं, ते जादा वेगळं. आपल्या शाळेतलं जादा म्हणजे तुम्हाला जास्त द्यायचं, असं आहे. तुम्ही जास्तीचे, असं नाही. ऐकलंस? तू शाळेची आहेस. उद्यापासून यायचं.”

“हो, बाई,” बटण म्हणाली.

तोच आवाज. तसंच लगेच, तसंच गोड. हा ‘हो’ बाईंनी आजवर कितीदा ऐकला होता आणि कितीदा खुशाल घेतला होता. आता तो त्यांना घेववेना.

“खरंच येशील?”

बटणाने विचार केला. मग तिने खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, “मग कोणाला उतरवणार?”

“बटण!” आई वरून ओरडली. “बाईंना असं विचारतात? एवढ्या तुझ्यासाठी शोधत इथे आल्या, खाली बसल्या! आधी सॉरी म्हण बघू.”

“सॉरी, बाई,” बटण म्हणाली.

“नाही!” बाईंच्या तोंडून एवढ्या जोरात निघालं की जवळचं मशीन थांबलं. “तू नाही म्हणायचं. ताई, तिला नका सांगू काही.” शिक्षकी पेशात इतकी वर्षं काढली, हजार पोरांकडून सॉरी म्हणवून घेतलं, पण स्वतः म्हणायची वेळ आल्यावर शब्द सापडेनात. “तुला गाडी लागत नाही, बटण. मी खोटं बोलले. त्या दिवशी मी सगळ्यांकडे बघितलं. बाकीचे ओरडले असते. तू ओरडणार नाहीस हे मला माहीत होतं, म्हणून मी तुला उतरवलं. फक्त तेवढ्यासाठी. आणि तो ऑक्टोपस... मी बघितलाच नाही गं. मी त्या मॅडमशी बोलत होते.”

बटण त्यांच्याकडे बघत राहिली. तिची हनुवटी आधी आत गेली, मग हलायला लागली. तिने अंग चोरायचा प्रयत्न केला, गुडघ्यांत तोंड घालून बघितलं, पण या वेळी ते जमेना. आणि मग तिने असा काही सूर लावला की मशीनच्या दोन रांगा एकदम थांबल्या.

“मला पण जायचं होतं!” ती ओरडली. “माझं पुस्तक होतं ते! मला पण बघायचा होता! मी पहिली बसले होते!”

“अगं, गप्प! गप्प बस!” आई कानकोंडी होऊन टेबलाखाली वाकली. “बाई, माफ करा हं, अशी नाही हो ती कधी करत. खूप समजूतदार आहे. आज काय झालंय हिला...”

“मी पहिली बसले होते!” बटणाने पाय आपटले. तिचा पाय बाईंच्या गुडघ्याला लागला. तिला कळलं, तरी तिने पुन्हा आपटला.

पलीकडून सुपरवायझर ओरडला, काय चाललंय तिकडे, लहान मुलं आणायची नाहीत म्हणून सांगितलं होतं ना. सगळा कारखाना मान वळवून बघत होता. तंतूंनी माखलेल्या, गुडघ्यांवर बसलेल्या बाईंना लाजेने वर बघवत नव्हतं. इतक्या वर्षांत कुठलंही मूल रडलं की त्या आधी त्याला गप्प करायच्या. आज त्यांनी तसं केलं नाही.

“हो,” त्या म्हणाल्या. “तू पहिली बसली होतीस.”